ताईंची स्क्रीन

आबा, दापोड्याच्या आपल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आता सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं आणि तुमच्या खुर्चीत मी बसते. मध्यंतरी एका मेलमधून व्हायरस शिरला आणि एकही फाइल उघडेना. माल भरलेल्या गाड्या गोडाऊनच्या दारात उभ्या, मालासोबत द्यायची बिल्टीची पावती निघत नाही, आणि मी फोनवर पार्ट्यांची बोलणी खातेय. फुकटातल्या अँटिव्हायरसवर इतके दिवस भागवलं होतं, ते अंगाशी आलं. मग विकणाऱ्याला बोलावलं. त्याने दोन दाखवले. पहिला साधा, आपल्याला पुरला असता. दुसऱ्याचं सांगताना तो आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, इसमें स्टाफ की स्क्रीन भी दिखती है." मी दुसरा घेतला. संशय कुणावरच नव्हता, आबा. दिसतंय म्हटल्यावर मोह झाला.

अकाउंट बघणाऱ्या ताई तुम्हीच ठेवलेल्या. मी शाळेतून ऑफिसात आले की माझी सुटलेली वेणी त्याच घालून द्यायच्या. आता त्यांची स्क्रीन मला माझ्या जागेवरून दिसते. डबा खाताना त्या नेटवर एकच गोष्ट शोधत असायच्या, शुगरने गेलेली नजर परत येते का. मला राहवेना. एका दुपारी म्हटलं, "ताई, डोळ्यांना त्रास होत असेल तर बारीक आकड्यांचं मी बघते." त्यांचा घास हातातच राहिला. "तुला कोणी सांगितलं? मी घरीपण बोलले नाहीये अजून." मी म्हटलं, "असंच वाटलं." तेव्हापासून त्या कॉम्प्युटर बंद करून जेवतात आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात.

लहानपणी एकदा आपल्या स्वयंपाकघरात ड्रायव्हर जेवत होता आणि मी त्याची पिशवी उघडून बघत होते. तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. "त्यानं दाखवलं तर बघायचं. न्हाय दाखवलं तर न्हाय." एवढं काय केलं मी, म्हणून दिवसभर फुगून बसले होते. आज तुम्ही समोर नाही, हे बरंच आहे असं वाटतं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटते.

खरं तर ताईंना सांगायला हवं, की मी बघत होते. ते तोंडातून निघत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, कुणी जाब विचारणार नाही. आणि एक राहिलं. "बघत होते" हेही खोटंच आहे. आत्ता त्या अक्षरं मोठी करकरून बिल्टी टाइप करतायत. मी वाचतेय.