जीप, तीन तंबू आणि उरलेले बावीस किलोमीटर

मी, केवळराम गोमाजी डोंगरवार, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार साकोली, जिल्हा भंडारा, धंदा ताडपत्री, दोर व टॉर्चचे दुकान, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, मी नशेत नाही आणि रागात तर मुळीच नाही. डॉक्टरांनी मला तारीख, वार आणि बायकोचे नाव विचारून मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे. मी त्यांना त्यांच्या गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते विचारले, तर त्यांना सांगता आले नाही. दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी रुखमिणी हिची. दुकान मुलगा कमलेश याचे. शेतीचे दोन सारखे भाग कमलेश व मुलगी रक्षा यांचे. याबाबत मला कोणाचे काही ऐकायचे नाही, आणि तेव्हा ऐकूही येणार नाही.

आता खऱ्या मिळकतीकडे वळतो. ती कशी जमली हे सांगितल्याशिवाय वाटणी समजायची नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका प्रश्नाने मला पछाडले. आपल्या जिल्ह्यात वैनगंगेच्या काठाकाठाने, डांबराला चाक न लावता, कुठपर्यंत जाता येते? तहसीलमध्ये नकाशा पाहिला. मोहाडीच्या बाजारात बैलबंडीवाल्यांना विचारले. प्रत्येकाला आपल्या गावापासून पुढच्या गावापर्यंतची वाट ठाऊक होती, सगळी वाट कोणालाच नाही. मग ती आपणच पाहायची, असे मी ठरवले.

कलम २. जीप. गाडी निवडायला मला आठ महिने लागले. आधी मी आमच्या शेतातल्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, पाळी टेपने मोजल्या; कुठे एक वीत, कुठे दोन. तोच टेप घेऊन नागपूरच्या एका शोरूममध्ये गेलो आणि एका चकचकीत गाडीखाली पाठीवर झोपलो. तिथला विक्रेता घाबरला. "काका, वर या ना, तुम्हाले सनरूफ दाखवतो." मी खालूनच म्हटले, "बापू, गाडी फसते ते खालून फसते. सनरूफ चिखलात काय कामाचं?" त्याने गाणी लावून दाखवली, गार हवा सोडून दाखवली. चढाला लागणारा जोराचा गिअर वेगळा आहे का, हे मात्र त्याला फोन करून विचारावे लागले. शिवाय त्या गाडीचे नाक इतके लांब की पाळीवर चाक चढायच्या आधी नाकच घासावे. शेवटी साकोलीतल्याच एका ठेकेदाराची जुनी डिझेल जीप घेतली. चारही चाकांना जोर, नाक आखूड, आणि बिघडली तर आमचे जागेश्वर मिस्त्री दोन पान्ह्यांत उघडतील अशी. ती कोणाला द्यायची ते कलम सातमध्ये पाहावे.

कलम ३. तंबू, नग तीन. पहिला ऑनलाइन मागवलेला, त्यावर 'दोन माणसांसाठी' असे लिहिले होते. त्या दोन माणसांना गुडघे नसावेत. दुसरा अगदी वॉटरप्रूफ. त्याची परीक्षा मी गच्चीवर घेतली. मी आत बसलो आणि रुखमिणीला वरून बादल्या ओतायला सांगितल्या. तिने अकरा ओतल्या, आणि मला वाटते शेवटच्या चार तिने हौसेने ओतल्या. बाहेरचा थेंब आत आला नाही, पण आतली वाफही बाहेर गेली नाही. तासाभरात मी घामाने निथळत बाहेर आलो. रक्षा तेव्हा कॉलेजात होती. तिने एकच विचारले, "बाबा, याच्यात हवा कुठून येते?" हा प्रश्न कंपनीलाही पडला नव्हता. म्हणून तिसरा तंबू मी दुकानाच्या कापडातून स्वतः शिवला, वर ताडपत्री, बाजूंना सुती कापड आणि दोन खिडक्या. तो रक्षाला. पहिले दोन ज्याला नको असतील त्याने घ्यावेत.

कलम ४. सागाची फळी, फावडे व वीस हात दोर कमलेशला. त्याला वाटेल बापाने भंगार दिले. पण चिखलात जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. खाली फळी असली तरच काही होते. मी शेकडो वस्तू हाताळल्या, घडीचा स्टोव्ह, घडीची खुर्ची, डोक्याला बांधायचा दिवा. या फळीइतकी कामाची एकही निघाली नाही. कमलेशची नवी मोठी गाडी त्याच्या मावसभावाच्या लग्नात मांडवामागे फसली होती आणि बैलजोडी लावून काढावी लागली. "बाबा, कोनाले सांगजा नका," असे तो म्हणाला होता. मी सांगितलेले नाही, लिहिले आहे.

कलम ५. जागेश्वर मिस्त्री यांना मी काही देत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांचे म्हणणे. पण कबुली ही मिळकत नव्हे, तिला हरकत नाही. रेतीत टायरची हवा कमी करावी असे ते म्हणत. मी म्हणे, भरपूर ठेवावी. नदीपात्रात आम्ही दोन्ही करून पाहिले. माझी जीप रुतली तेव्हा मी रेती ओली होती असे सांगितले. रेती कोरडी होती. जागेश्वर बरोबर होते. नऊ वर्षे मी हे पोटात ठेवले.

कलम ६. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी आणि रुखमिणी मोहाडीकडून निघून, पाच फेऱ्यांमध्ये, धरणाचे पाणी आडवे आले तिथे वळसा घेत, आसगावच्या शिवारापर्यंत पोचलो होतो. वाट विचारण्याचे काम रुखमिणीचे असे. पुरुष मला अंदाजाने सांगत, बाया तिला खरे सांगत. नदी जिल्ह्याबाहेर जाते तिथपर्यंत बावीस किलोमीटर उरले होते. ती २०१५ ची फेब्रुवारी. मुक्कामाला मी एक रिकामी बांधी निवडली. सपाट जमीन, कापणीनंतर उरलेले धानाचे मऊ तणस, चारी बाजूंनी पाळ असल्यामुळे वारा लागत नव्हता. रुखमिणी म्हणाली, "अजी, बांधीत पाल ठोकता? बांधी पान्यासाठी असते." मी धानाच्या घरात जन्मलो, पोटरीभर चिखलात रोवणी केली, आणि मी तिला उत्तर काय दिले, तर "तंबूचा तळ वॉटरप्रूफ आहे." (हा दुसरा तंबू. तिसरा शिवायचा होता.)

सकाळी ती चहा ठेवत होती आणि मी नकाशा पाहत होतो, तेव्हा उन्हाळी धानासाठी कालव्याचे पाणी आले. आवाज न करता, पाळीच्या तोंडातून. तारीख गावच्या फलकावर लिहिलेली होती. मी फलक वाचला नव्हता. पाणी तंबूच्या दारातून आत शिरले आणि तळ वॉटरप्रूफ असल्यामुळे आतच राहिले. मी आधी सामानाची पेटी उचलून पळालो. रुखमिणी तिच्या आईने शिवलेली वाकळ ओढत होती, ती घसरून चिखलात पडली. तेवढ्यात शेताचा मालक आला. त्याने विचारले, "तुमी धान करता का जी?" मी हो म्हटले. "धान करता अन् बांधीत झोपता?" मला इतकी लाज वाटली की मी म्हणालो, "हिनंच सांगतलं, इथं मऊ आहे म्हनून."

रुखमिणी ओली वाकळ खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत चालत गेली आणि एसटीने घरी आली. त्यानंतर ती त्या जीपमध्ये बसलेली नाही.

ते खोटे होते. जागा मी निवडली होती. तिने मला सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते.

कलम ७. जीप, किल्लीसह व उरलेल्या वाटेच्या नकाशासह, रुखमिणीला. माझ्या पश्चात तरी तिने एकदा तीत बसावे, एवढीच इच्छा आहे. तिथे पुढे वाट आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही.

कलम ८. हे कलम टाइप केलेले नाही, आज हाताने लिहीत आहे. सह्यांपूर्वी धनीराम गुरुजींनी मजकूर मोठ्याने वाचून पाहिला. गुरुजींनी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, त्यांना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असेच वाचता येते. कलम सात संपले तेव्हा रुखमिणी पिठाच्या हातांनी दारात उभी होती.

"गुरुजी, सहावं पुन्हा वाचा."

गुरुजींनी पुन्हा वाचले. मी जमिनीकडे पाहत होतो.

"अकरा वर्सं झाली जी," ती मला म्हणाली. "हे तोंडानं सांगाले काय झालं होतं?"

"तूच त जीपमंधी बसत नव्हती," मी म्हटले.

"तुमी एक डाव म्हटलं असतं ना, मी खोटं बोललो, त मी त्याच दिवशी बसली असती. अन् आता मले जीप देऊन राहिले, मेल्यावर! मी एकटी कायले जाऊ तिकडं? तिकडं काय आहे, मले नसन पाहावंसं वाटत?"

हे मी कधी विचारलेच नव्हते. बाराशे प्रश्न विचारले, हा राहिला. मला सगळ्यांसमोर रडू आले आणि डोळे पुसायला मी गेलो नाही.

ती आत गेली आणि लोखंडी तवा, पिठाचा डबा व ती वाकळ घेऊन बाहेर आली. वाकळ धुऊन, नवे ठिगळ लावून ठेवलेली होती. सबब कलम सात रद्द समजावे. जीप सध्या वापरात आहे. रुखमिणीच्या अटी दोन. पाल ठोकायची जागा ती पाहील. आणि पुढे जाण्याआधी आसगावला त्या शेतकऱ्याचे घर शोधून, त्याच्यासमोर उभे राहून, जागा कोणी निवडली ते मी माझ्या तोंडाने सांगायचे. दोन्ही अटी मला मान्य आहेत.

साक्षीदार
१. धनीराम गुरुजी, निवृत्त शिक्षक, साकोली. (मजकूर मी वाचून दाखवला.)
२. जागेश्वर मिस्त्री, साकोली. (कलम पाच ऐकले. हवा आसगावला गेल्यावर कमी करावी.)

स्थळ: साकोली, घरासमोर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, सकाळी साडेनऊ

सही: केवळराम गोमाजी डोंगरवार

सहीबाबत खुलासा: वरील तिन्ही सह्या जीपच्या बॉनेटवर केल्या आहेत. अक्षर थरथरलेले दिसल्यास त्यावरून माझी प्रकृती किंवा शुद्ध याबद्दल कोणी शंका घेऊ नये. इंजिन सुरू होते, आणि रुखमिणी आत बसली होती व खाली उतरायला तयार नव्हती.