छापायला हरकत नाही

प्रिय धाकटे,

तू आजारातून कशी उभी राहिलीस, ते तुझं पुस्तक वाचून लोक ढसाढसा रडतात. माझ्या मात्र पोटात दुखतं. त्याची प्रुफं मीच तपासली, हे प्रकाशकांनी तुला सांगितलं नसेल. 'पहिलं पाऊल मी एकटीने टाकलं,' असं तू लिहिलंयस. अगं बये, तेव्हा तुझी नखं माझ्या दंडात रुतली होती! मी समासात पेन्सिलीने 'एकटीने?' असं लिहिलं आणि खोडून टाकलं. लेखिकेच्या म्हणण्याला आम्ही हात लावत नाही. हे पत्रही खणातच राहील. दंडावरचे व्रण केव्हाच गेले. आता पुरावा उरला तो तुझ्या पुस्तकाचा, आणि त्याच्या प्रुफावर 'छापायला हरकत नाही' म्हणून सही माझीच आहे.

जळून कोळसा झालेली,
तुझी ताई