सांडव्याखालचे मासे

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.४०
नवरात्र संपलं. पाऊस थांबला. पूर ओसरला. आजपासून दर रविवारी फिशिंग. माणसाला एक छंद पाहिजे, असं प्रत्येक रिटायर्ड माणूस सांगतो. मी आधीच सुरू करतोय.
गळ ऑनलाइन मागवलाय. तीन जोडांचा, रीळवाला. गावाकडचा तलाव सांडव्यावरून वाहिला, मासे शेतात आलेत म्हणे.
बायकोचं, आशाचं, म्हणणं, पुराचं पाणी आहे, कशाकशावरून वाहून आलंय, ते मासे घरात आणू नका. मी तिला सांगितलं की वाळूजच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत काढलीत. खराब माल मी लांबून ओळखतो.

संध्याकाळी ५.१५
एकूण पाच मासे. चार कटला, एक मरळ. गळाला शून्य. गळ चांगला आहे, पाणी गढूळ होतं. पाचही बिरूनं सांडव्याखालच्या चारीत टोपली लावून धरले. पण चारीपर्यंत चला, असं मीच म्हणालो होतो.
बिरू आमच्या गावचा मेंढपाळ. त्याला म्हटलं, दोन तू घे. नको म्हणाला. का, तर मेंढरं चार दिवस झाले तलावाला तोंड लावत नाहीत, बोअरवर नेऊन पाजतोय. म्हणाला, काकासाहेब, जनावराला कळतं ओ. मी हसलो. मेंढरांवरून टेस्टिंग होत नसतं.
पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. फार सुंदर. फोटो काढला.

रात्रीचं जेवण झाल्यावर
रस्सा स्वतः केला. आशाचं पोट भरलेलं होतं (संध्याकाळी सहालाच!). मी चार तुकडे खाल्ले. आईनं दोन. आई शहात्तरची, फार बोलत नाही. कसा झालाय विचारलं, तर म्हणाली, चांगला झालाय बाबा. आशानं हे ऐकलं की नाही, ते माहीत नाही. मी मोठ्यानं रिपीट केलं.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १.३०, कॅन्टीन
बद्रीनाथ माझ्या शेजारच्या लाइनवर आहे, त्याच भागातला. त्यानं जेवताना मोबाइल दाखवला. आमचाच तलाव. काठानं पांढरे पट्टे दिसत होते. मला वाटलं फेस. फेस नव्हता, मेलेले मासे होते, पोट वर करून. ग्रामपंचायतीनं बोर्ड लावलाय, मासे खाऊ नयेत, पाणी वापरू नये. वरच्या अंगाला कुणाच्या तरी गोदामात पाणी शिरलं, फवारणीची औषधं, डिझेलचे ड्रम, मेलेल्या कोंबड्या, सगळं तलावात उतरलंय म्हणे. बद्रीनाथ म्हणाला, कुणी खाल्ले असतील तर कल्याणच.
मी म्हणालो, असे मूर्ख असतात काही.
डबा संपवला नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

दुपारी ३.१०
जिभेला मुंग्या. वॉशरूमच्या आरशात पाहिली. जीभ जिभेसारखीच आहे. नाडी १०४. जिना चढलो होतो. (तळमजल्यावर आहे वॉशरूम. पण सकाळी चढलो होतो.)
ठरलं. आज घरी गेल्या गेल्या सगळं सांगायचं.

रात्री
सांगितलं नाही. कोजागिरी. सणाच्या दिवशी असलं बोलू नये. आईनं अर्धा पेला दूध घेतलं. तिच्याकडे तीन-चार वेळा निरखून पाहिलं. तिनं विचारलं, काय रं, असं काय बघतूस? म्हणालो, चष्मा छान दिसतोय. चष्मा सात वर्षांचा आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७
आईला पहाटेपासून जुलाब. चार वेळा. आई म्हणाली, दूध बाधलं. मी लगेच म्हणालो, दूधच. हल्लीची दुधं.
आशानं विचारलं, मासळी तर नसेल? मी म्हणालो, मी दुप्पट खाल्ली, मला काय झालंय? हे बोलताना पोटावर हात होता. सहज.

दुपारी
रजा टाकली. मोबाइलवर 'माशातून विषबाधा' शोधलं. तिसऱ्या ओळीत लिव्हर आलं. मोबाइल फ्रिजवर ठेवून दिला.
आई आठ वेळा. साखर-मीठ-पाणी देतोय. प्रत्येक चमचा मोजतोय, वहीत लिहितोय. आईनं चमचा काढून घेतला, स्वतः प्यायली.

८ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११.३०
आईला घराजवळच्या, उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात अ‍ॅडमिट केलं. सलाइन. आशा कपडे आणायला घरी. डॉक्टरांनी विचारलं, दोन-तीन दिवसांत बाहेरचं, शिळं, वेगळं काही खाल्लं का?
तोंड उघडलं होतं. नक्की सांगणार होतो. तेवढ्यात आठवलं, गाडी गेटसमोर लावलीय. लोकांची गैरसोय. गाडी नीट लावायला वीस मिनिटं गेली. जागा मिळत नव्हती असं नाही, पण योग्य जागा पाहिजे.
परत आलो तर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे.

संध्याकाळी ६
राउंडला सांगायचं ठरवलं होतं. पण सोबत दोन नर्स होत्या. अशा गोष्टी एकट्यात सांगाव्यात.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८
आई नीट उठत नाही. हाक मारली की हूं म्हणते. पाय गार.

सकाळी १०
पाय चोळले. लहान असताना शाळेच्या वाटेवर नाला होता. पाणी आलं की आई मला पाठीवर घ्यायची, दप्तर दातात धरायची. मी डोळे मिटून घ्यायचो. ती म्हणायची, आला बरं का काठ. काठ यायला अजून वेळ असायचा.
मला भीती वाटतेय. लिहून ठेवतो. फार वाटतेय. मीच खाऊ घातलं. तोंड उघडून सांगितलं असतं तर वेगळं औषध दिलं असतं का? दोन दिवस गेले.

दुपारी १२
बिरूला फोन केला. म्हटलं, मेंढरं कशी आहेत? तो म्हणाला, मेंढरांस्नी काय धाड भरलीया, तुम्ही कसे हाव? मी म्हणालो, आई दवाखान्यात आहे. त्यानं विचारलं, आईनं खाल्लं व्हय? आता फोन ठेवा आन् डाक्टरला सांगा. आत्ता.
व्हय म्हणालो. डॉक्टर जेवायला गेले होते. मग ओपीडी. मग मीच कुठंतरी जिन्यात बसलो होतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.३०
रात्रभर कागद तयार केला. माशांचा प्रकार, संख्या, ठिकाण, पकडल्याची वेळ, शिजवल्याची वेळ, कुणी किती खाल्ले. खाली सही. केबिनमध्ये जाऊन उभ्यानंच वाचून दाखवला. दोनदा ओळ चुकली, पण पूर्ण वाचला.
डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग आईची फाइल माझ्याकडे वळवली. पहिल्याच पानावर, बुधवारची तारीख: पुराच्या तलावातले मासे खाल्ले, दोन तुकडे, रुग्णाने स्वतः सांगितले. मी गाडी लावायला गेलो तेव्हा. औषध, तपासण्या सगळं तेव्हापासून त्याच अंदाजानं चालू. काल अशक्तपणानं गुंगी होती. रिपोर्ट बरे आहेत, उद्या घरी न्या.
मी विचारलं, मग मला कुणी का नाही सांगितलं? डॉक्टर थोडे अवघडले. म्हणाले, त्यांनीच बजावलं होतं. पोरगं लई भित्रं हाय, त्याला कळलं तर अन्न सोडंल.
मलाही काही त्रास झाला का विचारलं त्यांनी. नाही म्हणालो.

सकाळी १०.१५
आई उशीला टेकून भाताची पेज पीत होती. म्हणालो, आई, मी डॉक्टरांना सगळं सांगून आलोय. ती म्हणाली, शाबास.
मग विचारलं, तुला खाताना काही जाणवलं नव्हतं का? म्हणाली, पहिल्याच घासाला घासलेटाचा वास आला व्हता. मग थुंकलं का नाहीस? तर म्हणाली, तू समोर बसून तोंडाकडं बघत व्हतास.
पेज संपवली. माझ्याकडं पाहून म्हणाली, तोंड बघ कसं झालंय, जा, आदी खाऊन ये.

१०.४०, खालचं कॅन्टीन
दोन इडल्या खाल्ल्या. तिसरी मागवली. डोळ्यांना पाणी आलं, थांबेना. शेजारच्यानं विचारलं, कोण आहे ॲडमिट?
सांबार तिखट आहे, म्हणालो.