शियाच्या लोण्यात पडलेला रवा

आई,

तू तूप कढवायला बसलीस की स्वयंपाकघरात कुणी घाई करायची नाही, असा तुझा नियम होता. कडेगावच्या आपल्या घरात चुलीवर ते पातेलं, शेवटी टाकलेलं विड्याचं पान, त्याचा चुर्र आवाज. मग तू पातेलं दोन्ही हातांनी उचलून कोनाड्यात ठेवायचीस, वर स्वच्छ फडकं. "आता सकाळपतूर कुणी हात लावायचा न्हाई," म्हणायचीस. सकाळी तुपात असा रवा पडलेला असायचा की शेजारणी काही ना काही निमित्त काढून बघायला यायच्या. एकदा माझी सुट्टी संपली होती, सांगलीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात परत जायचं होतं, एसटीची वेळ झालेली आणि बाटलीत भरायचं तूप अजून पातळच. तू गोठ्यात होतीस. मी पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि पळीनं ढवळत बसले. बघता बघता तूप गोठलं, पण मेणासारखं, एकसारखं. तू आत आलीस आणि दारातच थांबलीस.

"आगं, काय केलंस ह्ये? सगळा रवा मोडलास की! ह्ये काय टाचंला लावायचं मलम हाय व्हय? शाळंत ह्येच शिकिवत्यात का तुमच्या शिस्टरी?"

मी रडत एसटीत बसले. तुझं ते बोलणं मी इतकी वर्षं जपून ठेवलं आणि आज ते कामी आलं. सकाळपासून मला कुणालातरी मोठ्यानं सांगावंसं वाटतंय, म्हणून हे लिहायला बसले.

तुझा नातू फौजेत गेला, हे तू पाहिलं नाहीस. मागच्या वर्षी तो शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला आणि सुट्टीवर येताना भोपळ्याच्या कवटीत पिवळट पांढरा गोळा घेऊन आला. त्याला शिया म्हणतात. तिकडच्या माळावर याची झाडं असतात. शेत नांगरतात, बाकीचं झाडझुडूप काढतात, पण शियाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. लावलेलं झाड फळाला यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात, तर तोडायचं कुठल्या तोंडानं? फळाचा गर मुलं खातात. आपल्या चिकूच्याच कुळातलं झाड ते. आतल्या बिया बायका गोळा करतात, उकडतात, वाळवतात, फोडतात, भाजतात, कुटून लगदा करतात आणि मग पाणी घालून हातानं घुसळत बसतात. "आई, आणि एकदम वर लोणी येतं गं," तो सांगत होता, "बायका गाणी म्हणत घुसळतात. मी तिथं उभा राहिलो आणि मला आज्जीच आठवली." त्याच लोण्यात तिकडे भाजी होते, बाळाला मालिश होते, फुटलेले ओठ आणि टाचा भरून येतात.

सुनेनं तो गोळा हिवाळाभर हातापायांना लावला आणि तिच्या डोक्यात आलं की आपण याचं मलम करून विकावं. तिनं सांगलीतली नोकरी सोडली. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून शियाचे डबे मागवले, त्यात थोडं खोबरेल, थोडं मधमाशीचं मेण. हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडून हात फुटलेल्या दोघी बायका तिच्या हाताखाली आल्या. तिच्या माहेरी मात्र सगळे हसले. तिचे वडील मला फोनवर म्हणाले, "विहीणबाई, नवऱ्याचा पगार येतोय की वेळच्या वेळी. हिला कशाला हवेत मलमाचे उद्योग? तुम्ही तरी समजवा." मी समजवलं नाही. उलट पदर खोचून तिच्या बाजूला उभी राहिले.

आणि आई, पहिली खेप मी माझ्या हातानं केली. अगदी तुझ्यासारखी. मंद आचेवर वितळवलं, डब्या भरल्या, ओट्यावर मांडल्या, वर फडकं, आणि सगळ्यांना दम दिला, कुणी हात लावायचा नाही. सकाळी झाकण काढलं तर काय रवा पडला होता! मी सुनेला हाक मारून दाखवला. ती नव्या जमान्यातली, तिला वाटलं सासूबाई एवढ्या खूश आहेत म्हणजे हे असंच असतं. दोघी बायकांनीही माना डोलावल्या. "लय भारी रवा पडलाय, मावशी," एक म्हणाली. आपल्याकडे रवा दिसला की कुणाच्या मनात शंका म्हणून येत नाही.

साताऱ्याच्या एका दुकानात विकायला पाठवलेल्या सगळ्या डब्या परत आल्या. दुकानवाल्या बाईंनी सुनेला फोन केला. "अहो, वाळू घातलीय का यात? गिऱ्हाईक म्हणतं, गाल घासून निघाला. एकदा अजून पाठवा, पण असंच निघालं तर माफ करा."

सून त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी हळू आवाजात म्हणाली, "आई, आता पुढची खेपही परत आली तर मी बंद करते. त्या दोघींना तुम्हीच सांगा, माझ्यानं सांगवणार नाही." त्या दोघी तेव्हा अंगणात डब्या पुसत होत्या. पुन्हा वखारीत जावं लागेल, हे त्यांना न सांगताच कळलं होतं. एकीनं नुसतं विचारलं, "ह्यो रवा मोडता येत न्हाई का वो?"

मोडता येत नाही का! मी उभ्या उभ्या हसायला लागले. आई, रवा कसा मोडायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

मी तडक कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेले. "मावशी, एवढा बरफ? लगीन काढलं का काय घरात?" रसवंतीवाला म्हणाला. "तसंच समज," म्हटलं, "आणि रिक्षात ठेवू लाग." सगळं शिया पुन्हा पुरतं वितळवलं, दाण्याचा मागमूस राहू दिला नाही. मोठ्या परातीत बर्फाचं पाणी, त्यात पातेलं, आणि आम्ही चौघी आळीपाळीनं ढवळतोय. "थांबायचं नाही," मी ओरडतेय. "हात दुखला तर पळी दुसरीला द्या." श्रीखंडाइतकं दाट झालं तशा डब्या भरल्या आणि फ्रीजमध्ये. भाजीपाला सगळा बाहेर. दुसऱ्या दिवशी सुनेनं बोटावर घेऊन मनगटावर फिरवलं. नुसतं विरघळलं, आई. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि त्या दोघींच्या गळ्यात पडून नाचली, मलमाच्या हातांसकट.

आज सकाळी साताऱ्याहून फोन आला. सगळ्या डब्या खपल्या, दुप्पट पाठवा. "तुम्ही तरी समजवा" म्हणणारे व्याही दुपारी स्वतःच येऊन गेले; निघताना म्हणाले, "आमच्या गुडघ्यांना चालतं का हो हे?"

आता या खेपेचं वाटप. व्याह्यांना दोन डब्या, एक गुडघ्यांची आणि एक तोंड गोड राहावं म्हणून. म्हसवडच्या मावशीला मोठी डबी, पण चिठ्ठी चिकटवून की हे खायचं नाही. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून मावसभावाला फोनही करायचा. त्या दोघींना एकेक डबी आणि वखारीतल्या त्यांच्या मैत्रिणींसाठी पिशवी भरून. तुझ्या नातवाला एक, त्यानं ती तिकडं कवटीत गोळा भरून देणाऱ्या बाईंना नेऊन दाखवायची. सुनेला हे पत्र, पण मी असेपर्यंत नाही. ती येईल त्याला सांगत सुटलीय, "आमच्या आई कॉन्व्हेंटच्या, त्यांचं सायन्स पक्कं आहे." मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. एवढ्यात सांगणारही नाही, आई. ऐकायला फार गोड वाटतं.