नळीतली साखर

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं बंदरातून टाकलेलं पत्र काल मिळालं. जहाजाच्या इंजिनाने दगा दिला आणि तू दोन दिवस तेलात बरबटलेला होतास हे वाचून बाबा म्हणाले, या पोराला शर्ट शिवून देण्यात माझं आयुष्य फुकट गेलं. शिवणयंत्र त्यांनी झाकून ठेवलंय, पण जीभ अजून कात्रीसारखी चालते.

त्यांना सकाळी गरगरतं. म्हणून परवा सकाळी सहाला, कामावर निघायच्या आधी, मीच त्यांचं रक्त काढलं. नळी पिशवीत टाकली आणि दुपारी तीनला आमच्या गुराढोरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या नळ्यांबरोबर यंत्रात लावली. साखर चोपन्न! सत्तरच्या खाली जाता कामा नये. म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या जास्त होताहेत. मी त्या बंद केल्या आणि दुधात दोन चमचे साखर सुरू केली. बाबांचं एकच टुमणं, डॉक्टरांना विचार. बावीस वर्षं रक्तच तपासतेय मी, डॉक्टर आणखी काय वेगळं सांगणार?

एक गंमत ऐक. कोंबडीच्या रक्तात आपल्या दुपटीहून जास्त साखर असते. माणूस असती तर दवाखान्यात खाट अडवून बसली असती. पण तिच्या तांबड्या पेशी त्या साखरेला जवळजवळ तोंडच लावत नाहीत. पिल्लू अंड्यात असताना घेतात, बाहेर आलं की सोडून देतात. त्यांच्या पोटात छोटी चूल असते म्हण ना, तिच्यावर चरबी वगैरे जाळून भागवतात. मोठ्या डुकराच्या पेशींनाही साखर नको असते म्हणे. त्यामुळे आमच्या नळ्या दिवसभर पडून राहिल्या तरी आकडा हलत नाही. आहे की नाही आरामाची नोकरी?

आम्ही दोघं तुझ्या पत्रांची वाट बघतो, तेवढी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठकी

२९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र इंजिनघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा आचारी म्हणतो, साखर समोर असून न खाणारी कोंबडी ही त्याच्या बायकोपेक्षा शहाणी.

बाबा तुझ्याशी हुज्जत घालत असणार, म्हणून सोबत त्यांना वेगळी चिठ्ठी टाकली आहे. लिहिलंय की ठकीचं ऐका, घरात तज्ज्ञ असताना दारोदार कशाला फिरायचं. बिचारे आयुष्यभर टेपवर विसंबले, आकड्यापुढे ते काही बोलणार नाहीत.

माझ्या डोक्यात मात्र एक किडा सोडलास. इंजिनवाल्याला आधी इंधन कळावं लागतं. कोंबडीच्या पेशी चरबीवर चालतात, ठीक. मग आपल्या कशावर चालतात? का आपल्या उपाशीच बसतात? पुढच्या पत्रात सांग, नाहीतर तुझ्या बावीस वर्षांचा पगार परत कर.

जपून राहा आणि या दूरच्या भावाला मनातून उतरवू नकोस.

तुझा
दादा

१७ मे

ती. दादास,
सा. न.

तार तुला मिळाली असेल. बाबा अकरा तारखेला सकाळी गेले. तारेत कारण लिहिलं नव्हतं. कारण मी आहे.

एप्रिलभर ते पाणी मागत होते. मी उन्हाळ्यावर ढकललं. महिनाअखेरीला पुन्हा रक्त काढलं, तसंच सकाळी काढून दुपारी लावलं. एकशे दहा आलं. मी त्यांना म्हटलं, बघा, कसं मापात बसलं. ते खूश झाले रे! आठवड्याने त्यांना जाग येईना. दवाखान्यात साखर सहाशेच्या वर निघाली. मी तिथल्या रक्त तपासणाऱ्या बाईशी भांडले, तुमचं यंत्र बिघडलंय म्हणाले. तिने विचारलं, तुम्ही रक्त काढल्यावर पेशी किती वेळाने वेगळ्या केल्यात. मी म्हटलं, नऊ तासांनी यंत्रात लावताना. ती म्हणाली, मग तुमचा आकडा खरा नव्हताच.

बाबा चार दिवस तसेच पडून होते. डोळे उघडलेच नाहीत.

परवा मी माझं आणि एका कोंबडीचं रक्त काढून दोन्ही नळ्या खिडकीत ठेवल्या. सकाळी माझी साखर अठ्ठ्याण्णव होती, तिची दोनशे एकतीस. नऊ तासांनी तिची दोनशे तीस आणि माझी पंचेचाळीस. म्हणजे बाबांची पहिल्या दिवशी चोपन्न नव्हतीच, शंभराच्या वर होती, आणि नंतरची एकशे दहाही खरी कितीतरी जास्त होती. पहिल्या वेळी त्या गोळ्यांवर ती बऱ्यापैकी ताब्यात होती. मी चांगल्या चाललेल्या माणसाच्या गोळ्या काढून घेतल्या आणि वर साखर पाजली.

आपल्या पेशी कशावर चालतात, तू विचारलं होतंस. ते वाचून मी हसले आणि पत्र कपाटावर ठेवून दिलं. पाच मिनिटं बसून उत्तर लिहिलं असतं तर लिहितालिहिता माझी मलाच चूक दिसली असती. तेव्हा एप्रिल सुरू होत होता. बाबा वाचले असते.

आता उत्तर देते. आपल्या तांबड्या पेशींत चूल नसते, दादा. त्यांना साखरेशिवाय दुसरं काही चालत नाही. नळीत कोंडल्या तरी त्या खातच राहतात. हे मला माहीत होतं. कधीतरी शिकले होते, पण बावीस वर्षांत लागलंच नाही.

तुझी चिठ्ठी बाबांच्या टेपच्या डबीत सापडली. तू तिचं मनाला लावून घेऊ नकोस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढंच केलंस.

घरात आता कोणी हुज्जत घालत नाही. मी दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

लोभ असू दे असं आज कोणत्या तोंडाने लिहू? पत्र पाठव. वर आशीर्वाद नसले तरी चालेल.

ठकी