गालिच्याने गिळलेले ऊन

ती. आत्यास,

नमस्कार. (वाकून केला असे समज.) तुझा गुडघा आता जिना चढतो असे दादाने कळवले, किती पायऱ्या, ते कळवले नाही. तू कळव. इकडे तुझ्या कुंड्यांना मी रोज सकाळी पाणी घालते, तुझे घर प्रयोगशाळेच्या मागच्याच गल्लीत असल्याने वाट वाकडी करावी लागत नाही. झाडे सगळी जिवंत आहेत. घराची किल्ली माझ्याकडे सुरक्षित आहे. (हे वाक्य लक्षात ठेव.)

मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत समिती आली. देशाने दहा वर्षांत निम्मी वीज उन्हातून काढायचे ठरवले आहे, हे तू ऐकले असशील. कोणत्या पॅनेलने काढायची, ते ही समिती ठरवते. आमचे पॅनेल दोन्ही बाजूंनी वीज करते. वरची बाजू थेट ऊन घेते. खालची, गच्चीवर आपटून परत आलेले. म्हणून आम्ही गच्ची पांढरी रंगवली आहे. खालच्या बाजूने निदान आठ टक्के जादा वीज दिली तर पॅनेल देशाच्या योजनेत; नाही तर आमचा विभाग बंद, आणि तीन वर्षे मी काय केले याचे उत्तर मग आईला द्यायचे. (आईला अजूनही वाटते की मी गच्चीवर बसते.)

समिती अकराला येणार होती. दहा वाजून पाच मिनिटांनी मी आकडा पाहिला: दोन पूर्णांक एक. आदल्या दिवशी साडेआठ होता. मी जोडण्या तपासल्या, मीटर बदलला, मग पॅनेलांच्या खाली रांगत एकेक वायर पाहिली. पंधरा मिनिटे रांगल्यावर लक्षात आले की गुडघे दुखत नाहीत. नेहमी दुखतात. तेव्हा कुठे मी खाली पाहिले. गालिचा. गर्द लाल, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. (वायरी तपासताना माणूस वर बघतो. तरीही हे कोणाला सांगू नकोस.)

आमचे कार्यालय सांभाळणारे गृहस्थ साधी खुर्ची हलवायची तरी समारंभ करतात, म्हणून सगळे त्यांना सोहळेकाका म्हणतात. ते शेजारीच उभे होते, शाबासकीची वाट पाहत.

"काका, हे काय?"

"पाहुण्यांच्या पायांना चटके नकोत."

"पाहुणे पॅनेलच्या खालून जाणार आहेत?"

"तसं नाही, पण मध्येच कापला तर शोभा जाते."

"खालून येणारं ऊन बंद झालं ना!"

"खालून ऊन?" काका माझ्याकडे काळजीने बघायला लागले. "पोरी, सकाळी काही खाल्लंस का?"

वाऱ्याने उडू नये म्हणून गालिचा त्यांनी जागोजागी चिकटवलाही होता. त्यांच्या हातून झालेले ते वर्षातले सर्वांत चोख काम. गालिचा संध्याकाळपर्यंत निघाला नसता. मी एरवी धावत नाही. त्या दिवशी धावले, आणि काही पांढऱ्या चादरी घेऊन आले. (कुठून, हा मुद्दा गौण आहे.) काकांनी मात्र गुडघ्यांवर बसून त्या एकही सुरकुती न ठेवता अंथरल्या. दहा अठ्ठावन्नला आकडा आला: नऊ पूर्णांक चार. गच्चीच्या रंगापेक्षाही जास्त.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारले, "हे काय वाळत घातलंय?"

"नाही बाई," सोहळेकाका छाती काढून म्हणाले, "हे तंत्रज्ञान आहे."

मी गालिच्यासकट सगळे खरे सांगितले. बाई बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "रंगापेक्षा चादर सरस निघाली, तर अहवालात तसंच लिहा." पॅनेल निवडले गेले. आमचे साहेब रडले. (रुमाल नव्हता, चादरीचे टोक वापरले.) मीही जरा हसले, असे सगळे म्हणतात.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. चादरी तुझ्या होत्या. सात. कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या, ज्या तू पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेस आणि आम्हा कोणाला हात लावू देत नाहीस. पाहुण्यांसाठीच वापरल्या.

आणखी ता. क. पाच परत मिळतील. दोन समितीने नमुना म्हणून मोहोरबंद करून नेल्या. त्यांतल्या एकीवर अध्यक्षबाईंच्या बुटाचा ठसा आहे, तेव्हा तिच्यावर तसाही तू कोणाला झोपवले नसतेस.

शेवटचा ता. क. पत्र खरे तर यासाठी. अहवालात 'पृष्ठभागाची तयारी' असा रकाना आहे, आणि त्यात तुझी धुण्याची रीत लिहायची आहे. एका बादलीला नीळ किती घालतेस? शुक्रवारच्या आत चमच्यांत कळव. 'अंदाजाने' असे लिहू नकोस. देशाची निम्मी वीज त्यावर अवलंबून आहे.