बोलकी कालवं

२ मे
नणंदेच्या घरी आले. पेटी खाली ठेवते न ठेवते तोच ती म्हणाली, दादाचं घोरणं संपलं, आता माझी बडबड ऐक. हे जाऊन सात महिने झाले. मी हसले. खिडकीतून खाजण दिसतं. वाळूच्या पट्ट्यामागे अडलेलं खारं पाणी, हलत नाही. उद्यापासून कालवांच्या शेडमध्ये काम. मुकादमाला तिनेच सांगून ठेवलंय. काविळीनंतर यकृत नाजूक झालं म्हणून ती स्वतः आता जात नाही.

५ मे
काम सोपं आहे. दोन कालवं शिंपल्यासकट एकमेकांवर आपटायची. टणक आवाज आला तर ते बोलकं, म्हणजे जिवंत. ते बर्फाच्या खोक्यात. पोकळ वाजलं तर मुकं, ते फेकायचं. मुकादम म्हणाला, कान तयार आहे तुमचा. बाया म्हणाल्या, नवऱ्याचं ऐकून झाला असेल. नंतर एकीला हे गेल्याचं आठवलं आणि तिने जीभ चावली. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

९ मे
उकाडा. खाजणाचं पाणी इतकं कोमट की पाय पाण्यात आहे हेच कळत नाही. नणंदेला कालवं कच्ची आवडतात, वर नुसतं लिंबू. घरी न्यायला मनाई आहे, तरी सहा आणली. एकेक वाजवून निवडलेली. दादा असता तर तीन त्याने पळवली असती, म्हणाली, आणि सगळी संपवली. तिला खाताना बघून बरं वाटलं.

१० मे, सकाळ
शेडच्या दारावर आज प्रयोगशाळेचा कागद. बाया बघत नाहीत. मी पुडीचा कागदही वाचते. पाणी तापल्याने घातक जंतू वाढले आहेत. कालव जिवंत असतं, वास येत नाही, चव बदलत नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची मुळीच खाऊ नयेत. तारीख पाच दिवसांपूर्वीची. मुकादम म्हणाला, वाजतायत ना नीट, मग झालं. कागद काढून त्याने खिशात घातला.

संध्याकाळ
नणंदेला ताप. हुडहुडी. पोटरीवर जांभळे फोड, दुपारी नव्हते. दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काही खाल्लं का. मी तोंड उघडेपर्यंत ती नाही म्हणाली. ते गेल्यावर माझं मनगट धरलं.
"वहिनी, तू काही आणलं नव्हतंस. नोकरी जाईल तुझी. कळलं ना?"
मी मान हलवली. का हलवली—

११ मे, सकाळ
फोड काळे. रात्रभर कण्हत होती. आता पाय दुखत नाही म्हणते. पाय आहे हेच कळत नाही म्हणते.
तिने मला ओळखलं. मग दादाला हाक मारली.

दुपार
सांगितलं. सहा, कच्ची, माझ्या हातची. डॉक्टर रागावले नाहीत. घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, काल विचारलं तेव्हा बोलला असतात तर औषध वेगळं— आणि आत गेले. धावत.
मुकादमाला फोन केला. खोकी थांबवा म्हटलं. म्हणाला, गाडी कधीच गेली.
त्याला चार तास झाले. रडू येत नाही. लिहिते आहे, हाताला काहीतरी हवं म्हणून.
दार उघडलं. नर्स. पाय वाचेल का विचारायचं होतं, पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली, त्या गेल्या.